स्वयंसेवी ऑनलाइन समुदायाने आंतरजालावरील आंदोलनात उतरावे का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न कोणासाठी आहेत?

विकिपीडियावर मराठी लेख लिहिणारे, मुक्त नकाशावर पेठांमधले बोळ आणि उपनगरांतले बसथांबे नोंदवणारे, मुक्त सॉफ्टवेअरचे मराठीकरण करणारे, टेकड्यांवरच्या पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारे असे कितीतरी गट पुण्यातून चालतात. त्यांत कोणाला पगार नसतो, बहुतेकांची कोठे नोंदणी झालेली नसते आणि बरेचसे सभासद एकमेकांना केवळ सदस्यनामाने ओळखतात. अशा गटाकडे कधी ना कधी विचारणा येते: अमुक विधेयकाच्या विरोधात निवेदनावर गटाचे नाव घालाल का, मुखपृष्ठावर फलक लावाल का, एक दिवस संकेतस्थळ बंद ठेवाल का? उत्तर बहुधा दोन दिवसांत हवे असते. पुढील उत्तरे अशा वेळी उपयोगी पडावीत म्हणून लिहिली आहेत, मात्र ती विचारणा येण्यापूर्वी वाचली गेली तर अधिक बरे.

सहभाग म्हणजे नेमके काय?

सहभागाच्या पायऱ्या अनेक आहेत आणि चर्चेत त्या एकमेकींत मिसळल्या जातात. सभासदांना एखाद्या मसुद्याची माहिती देणे ही सर्वांत खालची पायरी होय. त्यानंतर गटाच्या कामावर मसुद्याचा काय परिणाम होईल, एवढेच सांगणारे तांत्रिक टिपण सरकारकडे पाठवणे येते. मग संयुक्त निवेदनावर सही, मग वाचकांना दिसणारा फलक आणि शेवटी सेवा बंद ठेवणे. पहिल्या दोन पायऱ्यांना फारसा विरोध होत नाही. शेवटच्या पायरीवर मात्र ज्यांचा वादाशी काहीही संबंध नाही, अशा वाचकांची गैरसोय होते, म्हणून तिच्यासाठी लागणारी संमतीही तेवढीच व्यापक असायला हवी. प्रस्ताव मांडताना आपण कोणत्या पायरीबद्दल बोलत आहोत हे पहिल्याच वाक्यात लिहावे.

मुद्दा न्याय्य आहे हे सर्वांना मान्य असेल, तर चर्चा हवीच कशाला?

कारण मुद्दा न्याय्य आहे का हा एक प्रश्न आहे, आणि त्यावर या गटाच्या नावाने बोलण्याचा अधिकार आपल्याला आहे का हा दुसरा. पहिल्याचे उत्तर होकारार्थी आले म्हणून दुसऱ्याचे आपोआप तसे येत नाही. कोथरूडमधले बसथांबे नकाशावर टाकण्यासाठी जो आला, त्याने आपले श्रम दिले. आपले राजकीय मत मांडण्याचा मुखत्यारपणा त्याने कोणाला दिलेला नाही. गटाच्या नावाला जे काही वजन आले आहे, ते वेगवेगळ्या मतांची माणसे एका कामासाठी वर्षानुवर्षे एकत्र राबल्यामुळे आले आहे. ते वजन एका संध्याकाळी हजर असलेल्या पंधरा-वीस जणांनी खर्च करून टाकावे, हे पटणारे नाही. ज्याला तातडीने काही करायचे आहे, तो स्वतःच्या नावाने त्याच रात्री सही करू शकतो आणि त्यासाठी त्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

म्हणून माझे मत असे की गटाने मुळात सहभागी होऊ नये, असे गृहीत धरून चर्चेला आरंभ करावा आणि सहभाग का हवा हे सिद्ध करण्याची जबाबदारी प्रस्ताव मांडणाऱ्यांवर टाकावी. हे गप्प बसण्याचे समर्थन नव्हे. काही वेळा गटाने बोललेच पाहिजे. त्या वेळा ओळखाव्या कशा, हे पुढे पाहू.

मुद्दा आपल्या गटाचा आहे की नाही, हे कसे ठरवावे?

एक साधी कसोटी आहे. हा मसुदा जसाच्या तसा मंजूर झाला, तर आपण आज जे काम करतो ते उद्या करता येईल का? उत्तर नकारार्थी असेल, तर मुद्दा आपला आहे.

२०१६ च्या मे महिन्यात केंद्र सरकारने भूस्थानिक माहितीच्या, म्हणजे कोणती जागा कोठे आहे हे सांगणाऱ्या माहितीच्या, नियमनाचे एक विधेयक मसुद्याच्या रूपात प्रसिद्ध केले. भारताची भूस्थानिक माहिती गोळा करणे, बाळगणे आणि प्रसारित करणे यांसाठी परवाना आवश्यक ठरवणारा, आणि उल्लंघनाला १०० कोटी रुपयांपर्यंतचा दंड व सात वर्षांपर्यंतची कैद सुचवणारा तो मसुदा होता. मोबाइल हातात घेऊन आपल्या वॉर्डातले दवाखाने नकाशावर टाकणारा स्वयंसेवकही त्याच्या कक्षेत आला असता. अशा वेळी नकाशा गटाने हरकत घेणे हे राजकारणात पडणे नसून स्वतःच्या कामाचे रक्षण करणे आहे. ते विधेयक पुढे कायदा झाले नाही आणि २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्राने या क्षेत्रासाठी बरीच मोकळीक देणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली.

अमेरिकेतील ‘सोपा’ आणि ‘पीपा’ या २०११-१२ मधील विधेयकांबाबत इंग्रजी विकिपीडियाने हाच युक्तिवाद केला होता. प्रताधिकारभंगाचा (कॉपीराइटभंगाचा) आरोप असलेली संपूर्ण संकेतस्थळे वाचकांच्या आवाक्याबाहेर ठेवण्याचे अधिकार त्या विधेयकांत होते आणि बाह्य दुव्यांवर उभ्या असलेल्या मुक्त ज्ञानकोशाला त्याची झळ बसणार होती.

याउलट, मुद्दा महत्त्वाचा आहे, आपल्यातील बहुतेकांना त्याबद्दल तळमळ आहे, परंतु गटाच्या कामाशी त्याचा थेट संबंध नाही, अशी उदाहरणे कितीतरी अधिक सापडतील.

मग वेताळ टेकडीचे किंवा नदीकाठच्या झाडांचे काय? पुणेकरांनी त्यावरही बोलायचे नाही का?

पुणेकर म्हणून अवश्य बोलावे. हा प्रश्न पुण्यातल्या प्रत्येक गटात येतो, कारण वेताळ टेकडीवरून प्रस्तावित असलेला बालभारती ते पौड फाटा रस्ता किंवा मुळा-मुठेचा नदीकाठ सुधार प्रकल्प यांबद्दल मत नसलेला माणूस या शहरात मिळणे कठीण. परंतु नकाशा गटातील एक सभासद रोज कर्वे रस्त्यावरच्या कोंडीत अडकतो आणि त्याला तो रस्ता हवा आहे. दुसरी सभासद रोज पहाटे टेकडीवर जाते आणि तिला तो नको आहे. दोघांनीही तोच नकाशा घडवला आहे.

येथे गटाला करता येण्याजोगी आणि कोणाचाही मुखत्यारपणा न हिरावणारी गोष्ट म्हणजे आपले मूळ काम अधिक चोख करणे. टेकडीवरच्या पायवाटा, पाणवठे, जुन्या खाणी, प्रस्तावित रस्त्याची प्रसिद्ध झालेली आखणी हे सारे अचूक नोंदवून खुले ठेवले, तर महापालिकेकडे हरकती-सूचना पाठवणारे दोन्ही बाजूंचे नागरिक ते वापरू शकतात. पक्षीनोंदी ठेवणाऱ्या गटाची गोष्ट मात्र निराळी आहे. त्यांच्या नोंदींचा अधिवासच नाहीसा होणार असेल, तर वर दिलेल्या कसोटीनुसार तो मुद्दा त्यांचा आहे आणि त्यांनी गट म्हणून हरकत घेण्यात काहीच गैर नाही. एकाच शहरातल्या दोन गटांनी एकाच प्रश्नावर वेगवेगळे निर्णय घेणे ही विसंगती नव्हे.

निर्णय कोणी घ्यायचा? प्रचालकांनी घेतला तर चालेल का?

चालणार नाही. प्रचालकांकडे, म्हणजे संकेतस्थळाची देखभाल करणाऱ्या सदस्यांकडे, पाने सुरक्षित करण्याची, खोडसाळ सदस्यांना रोखण्याची साधने असतात. ती साधने देखभालीसाठी सोपवलेली आहेत आणि त्यांच्यामुळे प्रतिनिधित्व मिळत नाही. संकेतस्थळ बंद करण्याची कळ ज्याच्या हाती आहे, त्यालाच ते बंद ठेवायचे का हे ठरवू देणे, ही या क्षेत्रातली सर्वांत सहज होणारी आणि सर्वांत महाग पडणारी चूक आहे.

प्रतिनिधित्वाचा हा प्रश्न पुण्याला नवा नाही. २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेत सभासदाने किमान पन्नास जणांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे असा नियम होता. सरकारदरबारी अर्ज करणाऱ्या संस्थेला ‘तुम्ही कोणाच्या वतीने बोलता?’ असे कोणी विचारले, तर उत्तर कागदावर तयार असे. आपल्या गटांना इतका कडक नियम झेपणार नाही, तरी प्रश्न तोच आहे आणि त्याचे उत्तर आधी लिहून ठेवलेले असावे: किती सभासदांनी भाग घेतला तर निर्णय ग्राह्य, ‘सभासद’ कोणाला म्हणायचे आणि निष्कर्ष कोण जाहीर करणार.

निष्कर्ष जाहीर करणारी व्यक्ती शक्यतो वादात न उतरलेली असावी आणि एकापेक्षा अधिक माणसांवर ते काम सोपवावे. इंग्रजी विकिपीडियावर जानेवारी २०१२ मध्ये १८०० हून अधिक सदस्यांनी चर्चेत भाग घेतला होता आणि चर्चेचा निष्कर्ष तीन प्रचालकांनी मिळून काढला. त्यांनी स्वतःचे मत त्यात घातले नाही. लोकांनी काय म्हटले ते तोलले.

मतदान घ्यावे की सहमती शोधावी?

दोन्ही पद्धतींचा अनुभव उपलब्ध आहे आणि कोणतीही एक सर्वत्र लागू पडत नाही.

विकिपीडियाची परंपरा सहमतीची आहे. मराठी विकिपीडियावर ‘चावडी’ या चर्चापानावर चर्चा होते आणि आवश्यक तेथे कौल मागितला जातो, पण कौलातही नुसत्या बेरजेपेक्षा मांडलेल्या कारणांना महत्त्व असावे अशी अपेक्षा असते. या पद्धतीचा लाभ असा की अल्पमतातील आक्षेपामुळे प्रस्ताव सुधारतो. तोटा असा की ज्याच्याकडे वेळ अधिक, त्याचा आवाज मोठा होतो. हिंजवडीतून रात्री नऊला घरी पोहोचणारा सभासद चर्चा उघडतो तेव्हा तिचा रोख ठरून गेलेला असतो.

डेबियन हा मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्प औपचारिक मतदान घेतो आणि त्याची रीत अभ्यासण्यासारखी आहे. तेथे मतपत्रिकेवर अनेक पर्याय असतात, मतदार त्यांना पसंतीक्रम देतो आणि ‘यांपैकी काहीही नको’ अशा अर्थाचा एक पर्याय नेहमी असतो. २०२१ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या संचालक मंडळावर तिचे वादग्रस्त संस्थापक रिचर्ड स्टॉलमन परतल्यानंतर जगभर खुल्या पत्रांची मोहीम उभी राहिली आणि डेबियनने त्यात पडावे का, यावर मतदान झाले. राजीनाम्याच्या मागणीपासून पाठिंब्यापर्यंतचे पर्याय मतपत्रिकेवर होते. जिंकलेला पर्याय असा होता: या विषयावर डेबियन कोणतेही जाहीर निवेदन करणार नाही. तो मतपत्रिकेवर छापला गेला होता म्हणूनच निवडून येऊ शकला. ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच विचारले असते, तर ‘नाही’ला विरोधी बाजूचा पाठिंबा समजले गेले असते. या मतदानात मते जाहीर होत असल्याने सदस्यांना त्रास दिला जाण्याची भीती व्यक्त झाली आणि पुढच्याच वर्षी डेबियनने अशा ठरावांवरील मते गुप्त ठेवण्याचा निर्णय घेतला.

लहान गटांसाठी माझी सूचना अशी: आधी चर्चा, मग पसंतीक्रमाचे गुप्त मतदान, आणि ‘गटाने निवेदन करू नये, सभासदांनी वैयक्तिक पातळीवर काय ते ठरवावे’ हा पर्याय प्रत्येक मतपत्रिकेवर.

व्हॉट्सॲप गटावर मतचाचणी घेतली तर?

कल अजमावण्यासाठी ठीक आहे, निर्णयासाठी नाही. कोणी काय मत दिले ते सर्वांना दिसते, मत बदलत राहता येते आणि काही महिन्यांनी तो निकाल शोधायला गेल्यास सुप्रभाताच्या संदेशांखाली गाडलेला असतो.

मोहिमेची बातमी पसरताच नवे सदस्य येऊन मते देऊ लागले, तर काय करावे?

त्यांना बोलू द्यावे, परंतु त्यांची मते वेगळी मोजावीत. चर्चा सुरू होण्याच्या किमान एक महिना आधी सदस्य झालेल्या आणि काही प्रत्यक्ष काम केलेल्या व्यक्तीचेच मत धरले जाईल, असा नियम आधीपासून असला म्हणजे वाद होत नाही. ऐनवेळी केलेला नियम मात्र कितीही योग्य असला तरी पक्षपाती दिसतो. गटातीलच कोणी आपल्या बाजूच्या लोकांना खासगी निरोप पाठवून गोळा केले असेल, तर ते चर्चेत उघडपणे नमूद करावे.

चर्चेला किती दिवस द्यावेत? मुदत तर नेहमीच तोंडावर असते.

मुदत वाटते तितकी तोंडावर नसते. आपल्याला उशिरा कळलेले असते. केंद्र सरकारच्या २०१४ च्या विधिपूर्व सल्लामसलत धोरणानुसार मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवला जाणे अपेक्षित आहे, जरी ते नेहमी पाळले जात नसले तरी. दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, म्हणजे ‘ट्राय’ची, आंतरजाल समानतेशी (सर्व संकेतस्थळांना सारखीच वागणूक देण्याच्या तत्त्वाशी) संबंधित सल्लामसलत-पत्रिका २७ मार्च २०१५ रोजी आली आणि अभिप्रायाची मुदत २४ एप्रिल होती. चार आठवड्यांत एक आठवडा चर्चेला, चार दिवस मतदानाला आणि उरलेले दिवस मजकुराला असे सहज बसवता येते. गटात एका व्यक्तीने संबंधित खात्यांच्या सूचनांवर लक्ष ठेवण्याचे काम अंगावर घेतले, तर निम्मी घाई टळते.

सात दिवसांपेक्षा कमी वेळ असेल तर गट म्हणून निर्णय घेऊ नये. त्यात एखादी योग्य संधी हुकेल, पण दोन दिवसांत उरकलेल्या निर्णयामागून येणारी फाटाफूट गटाला वर्षभर पुरते.

संकेतस्थळ बंद ठेवण्याचा खरोखर उपयोग होतो का?

कधी होतो, कधी नाही, आणि यशाची उदाहरणेच अधिक सांगितली जातात म्हणून हे उत्तर जरा सविस्तर.

१८ जानेवारी २०१२ रोजी इंग्रजी विकिपीडिया २४ तास बंद होता. भारतात तो सकाळी साडेदहाला बंद झाला. दोनच दिवसांत अमेरिकी संसदेत दोन्ही विधेयके बाजूला ठेवली गेली. मात्र त्या दिवशी गूगलसारख्या बलाढ्य कंपन्याही विरोधात उतरल्या होत्या, त्यामुळे श्रेय एकट्या स्वयंसेवकांना देता येत नाही. त्याआधी ऑक्टोबर २०११ मध्ये इटालियन विकिपीडियाने दूरध्वनी-ध्वनिमुद्रणाच्या विधेयकातील एका कलमाविरुद्ध आपली पाने झाकली होती. तक्रार येताच संकेतस्थळाने ४८ तासांत खुलासा छापण्याची सक्ती त्या कलमात होती. ती तरतूद पुढे नोंदणीकृत वृत्त-संकेतस्थळांपुरती मर्यादित करण्यात आली.

आता दुसरी बाजू. रशियन विकिपीडिया १० जुलै २०१२ रोजी बंद राहिला, तरी संकेतस्थळांची काळी यादी करणारा कायदा त्याच महिन्यात मंजूर झाला. युरोपीय प्रताधिकार निर्देशाविरुद्ध २०१८ च्या जुलैत इटालियन, स्पॅनिश आणि इतर काही विकिपीडिया झाकले गेले आणि ५ जुलैला युरोपीय संसदेने ३१८ विरुद्ध २७८ मतांनी मसुदा पुन्हा चर्चेला पाठवला. पण २१ मार्च २०१९ रोजी जर्मन विकिपीडिया बंद राहूनही पाच दिवसांनी तोच निर्देश ३४८ विरुद्ध २७४ मतांनी मंजूर झाला. जून २०२३ मध्ये रेडिट या चर्चा-संकेतस्थळावरील हजारो समूहांनी बाह्य ॲपसाठीच्या नव्या दरांविरुद्ध आपली दारे लावून घेतली, तरी कंपनीने दर मागे घेतले नाहीत आणि अनेक लोकप्रिय ॲप बंद पडले.

यातून मला एवढेच दिसते की निर्णय अजून व्हायचा आहे, निर्णय घेणाऱ्याला लोकमताची पर्वा आहे आणि वाचकाला लगेच करता येईल अशी एक ठोस कृती समोर ठेवली आहे, या तिन्ही गोष्टी असतील तेव्हाच बंदचा विचार करावा. इंग्रजी विकिपीडियाने त्या दिवशी अमेरिकी वाचकाला त्याच्या लोकप्रतिनिधीचा संपर्क शोधून दिला होता. पुण्यातल्या वाचकाला त्याचा काही उपयोग नव्हता, आणि बंद जगभर ठेवावा की फक्त अमेरिकेत, यावर तेथील सदस्यांत त्या वेळी बराच मतभेद होता.

ज्ञानकोशाने किंवा नकाशाने बाजू घेतली, तर तटस्थतेचे काय?

मजकुराची तटस्थता आणि संस्थेचे अस्तित्व या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात, असा युक्तिवाद विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने २०१२ मध्ये केला होता. तो तर्काने बरोबर आहे. वाचकाला मात्र तो फरक आपोआप कळत नाही, म्हणून फलक लावलाच तर त्याच विषयावरील लेखाची अधिक कसोशीने छाननी करावी आणि मोहिमेत पुढे असलेल्या सदस्यांनी त्या काळात तो लेख संपादित करू नये.

तयार मजकुराचे ईमेल सभासदांकडून पाठवून घ्यावेत का?

टाळावे. २०१५ मध्ये ‘ट्राय’कडे आंतरजाल समानतेच्या बाजूने दहा लाखांहून अधिक ईमेल गेले आणि त्या लाटेने विषय घरोघरी पोहोचला, हे खरेच. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी काही संकेतस्थळांसाठी वेगळे, म्हणजे भेदभावकारक, डेटा-दर लावण्यास मनाई करणारे विनियम निघाले. परंतु मधल्या काळात फेसबुकने ‘फ्री बेसिक्स’ या निवडक संकेतस्थळे मोफत दाखवणाऱ्या आपल्या योजनेच्या बाजूने लोकांकडून असेच ठोकळेबाज संदेश पाठवून घेतले, तेव्हा त्या वेळच्या सल्लामसलत-पत्रिकेतील प्रश्नांची उत्तरे त्यांत नाहीत, असा आक्षेप प्राधिकरणानेच घेतला. ज्या गटाला विषयाचे प्रत्यक्ष ज्ञान आहे, त्याने दोन पानांचे मुद्देसूद टिपण पाठवावे. त्याखाली सह्या दहा असल्या तरी पुरे.

आणखी एक दक्षता. २०१५ च्या एप्रिलमध्ये ‘ट्राय’ने आलेले अभिप्राय पाठवणाऱ्यांच्या ईमेल पत्त्यांसह संकेतस्थळावर टाकले होते. आपण पाठवलेले सारे जाहीर होऊ शकते, हे सभासदांना आधी सांगावे.

यात कायदेशीर धोका आहे का?

अभिप्राय देणे, निवेदन करणे, स्वतःचे संकेतस्थळ एक दिवस बंद ठेवणे यांत गुन्हा नाही. दुसऱ्याची यंत्रणा ठप्प व्हावी या हेतूने तिच्यावर मारा करणे हा मात्र माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ व ६६ खाली गुन्हा ठरू शकतो, आणि निषेध म्हणून केला तरी त्यात फरक पडत नाही. या दोहोंमधली सीमा अधिकाऱ्यांना नेहमी स्पष्ट दिसतेच असे नाही. २०२० मध्ये पर्यावरणीय प्रभाव मूल्यांकनाच्या मसुद्यावर पर्यावरणमंत्र्यांना आलेल्या ईमेलच्या लोंढ्यावरून दिल्ली पोलिसांनी तरुणांच्या एका पर्यावरण मोहिमेच्या संकेतस्थळाबाबत नोटीस काढली. तीत सुरुवातीला बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याचाही, म्हणजे दहशतवादविरोधी ‘यूएपीए’चाही, उल्लेख होता. तो अनवधानाने झाल्याचे सांगून ती नोटीस पुढे मागे घेण्यात आली. तोवर संकेतस्थळ बंद पडलेले होते.

पुण्यात एक बाब विशेष लक्षात ठेवावी लागते. आपल्या गटांत सरकारी नोकर बरेच असतात: संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळा, खडकीचे कारखाने, राज्य शासनाची कार्यालये. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ आणि केंद्राचे १९६४ चे वर्तणूक नियम सरकारी धोरणांवर जाहीर टीका करण्यावर मर्यादा घालतात. गटाच्या निवेदनाखाली सर्व सभासदांची नावे सरसकट छापली, तर एखाद्याच्या नोकरीवर संकट येऊ शकते. नाव छापण्यासाठी प्रत्येकाची स्वतंत्र, लेखी संमती घ्यावी आणि जे देणार नाहीत त्यांना कारण विचारू नये. गट न्यास म्हणून नोंदलेला असेल किंवा परदेशी देणगी घेत असेल, तर वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

ठराव मंजूर झाला, पण काही जुने सभासद विरोधात आहेत. त्यांना कसे सांभाळावे?

त्यांचे म्हणणे निवेदनाबरोबरच, कापाकापी न करता, त्यांच्या शब्दांत नोंदवावे. निवेदनात ‘आम्ही सर्व’ असे लिहू नये. किती जणांनी मतदान केले आणि किती जण बाजूने होते ते आकड्यांत लिहावे. विरोधकांना फलक लावण्याचे किंवा पत्रके वाटण्याचे काम देऊ नये, एवढे तर उघडच आहे, पण घाईत तेही घडते.

फलक किती दिवस ठेवावा आणि नंतर काय करावे?

काढण्याची तारीख ठरावातच घालावी. ती उलटल्यावर फलक काढण्यासाठी पुन्हा चर्चा लागू नये. ठेवायचा असेल तर लागावी. फलक काढल्यावर चर्चेचा दुवा, मतांचे आकडे, पाठवलेले टिपण आणि आलेले उत्तर हे चारही एका कायमस्वरूपी पानावर ठेवावे, कारण मागे पडलेले मसुदे नाव बदलून परत येतात आणि तोवर गटातली निम्मी माणसे नवी असतात.